जुन्या वळणाची जाडजूड ठोकळा अक्षरं मराठीत कुठून आणायची? (आंब्याच्या बॉक्ससाठी)

कातळावरचा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची देवगडात थोडी कलमं आहेत. आजोबा होते तोवर आंबा लाकडी पेटीतून मुंबईला जायचा आणि पेटीच्या फळीवर पत्र्याच्या साच्याने काळ्या शाईत मार्का मारायचे. तो साचा अजून माळ्यावर आहे, गंजलाय, कडेला इतक्या वर्षांची शाई माशाच्या खवल्यांसारखी चिकटून बसलीय. इंग्रजी तीन अक्षरं, पण काय अक्षरं! जाडजूड, प्रत्येकाच्या डोक्याला आणि पायाला सपाट पट्टी, एखादा माणूस पाय रोवून उभा राहावा तशी. वाशीत पेट्यांची थप्पी लागली की लांबून आमची ओळखू यायची असं बाबा सांगतात.

यंदा थेट गिऱ्हाइकाला आंबा पाठवायचं ठरवलंय, दोन डझनचा पुठ्ठ्याचा बॉक्स. भाच्याने नेटवरून त्याच धर्तीचा एक इंग्रजी फॉन्ट काढून दिला, ह्याला बोल्ड स्लॅब सेरिफ म्हणतात म्हणे, व्हिंटेज टाइपचा. त्यात इंग्रजीत देवगड लिहिलं तर अंगावर काटा आला, अगदी आजोबांचाच मार्का. मग शेजारी मराठीत 'कलमी हापूस' लिहायला गेलो तर कॉम्प्युटरने आपला नेहमीचा मंगल फॉन्ट टाकला, आणि तो त्या इंग्रजीच्या बाजूला म्हणजे पैलवानाशेजारी तापातून उठलेला माणूस. बोल्ड केला तर नुसता सुजला.

तर मराठीत असा फॉन्ट आहे का? नसेल तर काय करायचं? मार्चच्या आत बॉक्स छापून हवेत.

नस्ती उठाठेव
धाग्याच्या नावात नव्हतं पण आत 'स्लॅब' वाचून धावत आलो, आमचा स्लॅब गळतोय.

तिरफळ
मोदक नावाचा फॉन्ट बघा, फुकट आहे. नाव पण कोकणाला साजेसं.

कातळावरचा
@तिरफळ, बघितला. गोड आहे पण फार गुबगुबीत. अक्षरांच्या पोटातली जागा म्हणजे नुसत्या चिरा. आजोबांचा मार्का असा लाडू नव्हता हो, कडक होता.

मालवणी मसालो
अक्षरां कसलीय असूदेत रे, पेटयेत आंबो बरो असाक होयो.

अक्षरमजूर
मुळात स्लॅब सेरिफ ही काय भानगड आहे ते आधी सांगतो, कारण उत्तर त्यातच आहे. (पुण्यात फॉन्टचं काम करतो, मूळ गाव राजापूरकडे.)

ही अक्षरं जन्मली लंडनमध्ये १८१५ च्या आसपास. तोवर छपाई म्हणजे पुस्तकं, त्यामुळे टाइप नाजूक. मग कारखाने आले, माल आला, तो खपवायला भिंतीवर कागद चिकटवायची पद्धत आली आणि पुस्तकातलं नाजूक अक्षर रस्त्याच्या पलीकडून दिसेना. तेव्हा व्हिन्सेंट फिगिन्स नावाच्या टाइप ओतणाऱ्याने अक्षराच्या टोकाची बारीक शेपटी काढून तिथे दांड्याइतकीच जाड पट्टी बसवली, नाव दिलं 'अँटिक'. नेपोलियनच्या स्वारीनंतर तिकडे सगळ्यांना इजिप्तचं वेड लागलेलं म्हणून लोक ह्या घराण्याला 'इजिप्शियन' म्हणायला लागले, पिरॅमिडशी काडीचा संबंध नाही. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने 'क्लॅरेंडन' काढला, त्यात पट्टी आणि दांडा जिथे भेटतात तिथे छोटी गोलाई भरली, म्हणून तो जरा माणसाळलेला दिसतो. त्याने त्याची कायद्याने नोंद केली पण संरक्षण फक्त तीनच वर्षांचं, ते संपायचा अवकाश, सगळ्यांनी नकला मारल्या. पुढे १९३४ चा मोनोटाइप कंपनीचा 'रॉकवेल', तो एकदम काटकोनात, पट्टी लावून आखल्यासारखा. तुमच्या साच्याचा फोटो टाका, कुठल्या घराण्यातला आहे सांगतो.

आता मराठी. ह्या अक्षरांचा जोर पायात आहे. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, म्हणून पायाला पट्टी दिली की ते जोत्यावर चढल्यासारखं भक्कम दिसतं. आपलं अक्षर उभं राहतच नाही, ते वरच्या शिरोरेषेला टांगलेलं असतं. जाड सपाट पट्टी आपल्याकडे आधीपासूनच आहे, फक्त ती डोक्यावर आहे.

नस्ती उठाठेव
म्हणजे इंग्रजीला जोतं आणि मराठीला स्लॅब. मी बरोबर धाग्यावर आलो तर.

तिरफळ
कोकणात स्लॅब टाकू नका, कौलंच बरी, असं आमची आजी सांगून गेली. आता सगळे स्लॅब टाकतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच्यावर पत्र्याची शेड मारतात.

पुन्हा मुंबईत
माझं मत कोणाला आवडणार नाही पण सांगतो. हे व्हिंटेजचं खूळ आता पुरे. परवा एका ठिकाणी कोकम सरबताची बाटली बघितली, कंपनी कालची आणि लेबल असं की पेशव्यांनीच ऑर्डर दिली होती. तपकिरी कागद, जाड अक्षरं, मध्ये नांगर नाहीतर बैलगाडी. त्यात हे इंग्रजांचं जाहिरातबाज अक्षर. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, ते छापा की मोठ्ठं, लोकांना त्याचा उपयोग आहे.

कातळावरचा
@पुन्हा मुंबईत, तुमचं म्हणणं कळतंय आणि बाटल्यांबद्दल पटतंय पण. फक्त आमचं खरंच जुनं आहे हो, साचा माळ्यावर आहे म्हटलं ना. आणि इंग्रजांचं म्हणाल तर हापूस तरी कुठे आपल्या नावाचा, पोर्तुगीजांच्या अफोन्सोचाच आहे की. जीआयचं येणारच आहे बॉक्सवर, नोंदणी केलीय.

@अक्षरमजूर, तरी मी खुळ्यासारखं एक करून बघितलं. भाच्याला सांगितलं मराठी अक्षरांना पण खाली पट्ट्या लाव. 'हापूस' मधल्या कान्याला खाली पट्टी लावली आणि वर शिरोरेषा होतीच, तर तो चक्क इंग्रजी आय झाला! ह, मग आय, मग पूस. बाबा म्हणाले हे काय पूस म्हणतंय, काय पुसायचंय?

तिरफळ
काय पुसायचंय 😂😂

जुळारी
वरील गृहस्थांनी कान्याचे सांगितले ते अगदी बरोबर. मी चिपळुणात एका छापखान्यात बरीच वर्षे खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जुळवले, त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो.

मोठी अक्षरे शिशाची नसत, लाकडाची असत. शिशाचा खिळा मोठा केला की वजन इतके होते की फ्रेम उचलवत नाही, आणि ओतताना सगळीकडून सारखे थंड न झाल्यामुळे तोंड खोलगट येते. त्यामुळे जत्रेच्या, नाटकाच्या जाहिराती म्हणजे लाकडी टाइप. अमेरिकेत हे यंत्राने कापायला १८२७ मध्ये डेरियस वेल्सने सुरुवात केली असे आम्हाला मालकांनी सांगितले होते, ते वाचणारे गृहस्थ होते. आमच्याकडे इंग्रजी लाकडी टाइप ह्याच जाड पायाचे होते, आणि मराठी लाकडी टाइप वेगळे, त्यांना पाय नव्हते. दोन्ही एकाच जाहिरातीत वापरायचो आणि ते शोभायचे. का शोभायचे ह्याचा तेव्हा विचार केला नाही. आज हा धागा वाचून वाटते की मराठीची शिरोरेषा इंग्रजीच्या पायाइतकीच जाड होती, म्हणून.

दुसरे म्हणजे उकार. 'पू' चा उकार दंडाच्या टोकाला लोंबतो. तिथेच पट्टी लावली तर उकार कुठे अडकवणार? आमच्याकडे काना, मात्रा, उकार सुटे जुळवायचे असत, उकाराचे नाक जरा पुढे आलेले, मशीनवर दाब बसला की तेच आधी तुटायचे. एका लग्नपत्रिकेत 'शुभ' चा उकार उडून 'शभ विवाह' छापून गेले होते. तीनशे प्रती.

लाकडी टाइप विचारू नका. पोत्यात भरून ठेवले होते, २०२१ च्या जुलैच्या पुरात फुगून गेले. सुकवले तर तडकले. 'ळ' तेवढा एक चांगला राहिला, तो देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय.

होडीवरची
@जुळारीकाका, 'ळ' चा फोटो टाका ना, प्लीज.

आमचे बाबा मालवणात पेंटर होते, दुकानाच्या पाट्या आणि मुख्य म्हणजे होड्या. नंबर इंग्रजीत असतो पण नाव मराठीत, आणि ते समुद्रातून दुसऱ्या होडीवाल्याला वाचता आलं पाहिजे, म्हणून अक्षर जाडच. मी लहानपणी सुताचं एक टोक धरायला असायचे. सुताला खडूची पूड लावायची, दोन्हीकडून ताणायचं आणि मधे चिमटीत धरून सोडायचं, फळीवर सरळ रेघ उमटते. पहिली रेघ शिरोरेषेच्या वरची, दुसरी तिच्या खालची, तिसरी तळाची. शिरोरेषेसाठी दोन रेघा आणि तळाला एकच, हे आत्ता तुमचं वाचताना लक्षात आलं. मग चपटा ब्रश. दंड वरून खाली ओढत आणायचा आणि शेवटी ब्रश जरा डावीकडे दाबून उचलायचा, त्याला ते 'टाच मारणं' म्हणायचे. त्यामुळे दंड खाली एका बाजूला थोडा रुंद होतो, पाय फुटत नाहीत पण टाच निघते. त्याचा जोर येतो आणि आय पण होत नाही. उकार असेल तिथे टाच मारायची नाही, सरळ उकारात शिरायचं.

बाबा आता ७८ चे आहेत, हात थोडा कापतो पण ब्रश टेकला की थांबतो.

अक्षरमजूर
@होडीवरची, एका पॅरात तुम्ही माझं चार महिन्यांचं काम सांगितलंत. टाच हा शब्द मी उचलतोय, हरकत नाही ना.

शिरोरेषा जाड करण्यात मात्र एक खड्डा आहे. 'भ' आणि 'ध' ह्यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, ती फट म्हणजेच त्यांची ओळख. जाडी वाढवत गेलात की फट बुजते, मग भ चा म होतो आणि ध चा घ. म्हणून जाड फॉन्टमध्ये ती फट मुद्दाम जास्त उघडावी लागते, आणि शिरोरेषेने जेवढी जागा खाल्ली तेवढं अक्षर उंच करावं लागतं, नाहीतर खालचं अंग चेपतं. मंगल बोल्ड केल्यावर सुजतो म्हणालात ना, ते बहुधा ह्यामुळेच, फॉन्टचा खरा बोल्ड हाताशी नसला की कॉम्प्युटर बाहेरून जाडी चोपडतो, आतली जागा कोण वाढवणार. मंगलचा दोष नाही त्यात, र. कृ. जोशींनी तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वाचायला केला, पेटीवर ठोकायला नाही.

तिरफळ
आमच्या इथे खानावळीच्या पाटीवर 'मात-आमटी' आहे गेली दहा वर्षं. आता कळलं का.

पुन्हा मुंबईत
एक वेगळाच मुद्दा. कलमी मधला ल बघा. नेटवरच्या बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा दंडवाला ल येतो, आपला पाकळीचा येत नाही. शासनाने पण २०२२ च्या नोव्हेंबरात निर्णय काढून पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श लिहा म्हणून सांगितलंय. जुनं जुनं करता आणि ल मात्र दिल्लीचा.

अक्षरमजूर
@पुन्हा मुंबईत, एकदम बरोबर. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी ल, श आत असतो, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय तो बाहेर येत नाही. लोक हिंदीच ठेवतात नाहीतर काहीच निवडत नाहीत.

कातळावरचा
भाच्याला सांगितलं, निवडली भाषा, आला पाकळीचा ल! पाच वर्षं ह्या कॉम्प्युटरवर हिंदीत 'ल' लिहीत होतो म्हणजे.

आता तयार फॉन्टपैकी काय घेऊ ते सांगा. भाच्याने रोझा वन आणि यात्रा वन असे दोन काढलेत. रोझा फारच देखणा वाटतोय, जाड भाग एकदम जाड आणि बारीक भाग केसासारखा.

पुठ्ठेवाला
थांबा थांबा, रोझा घेऊ नका. सुंदर आहे पण तो कागदावर, पत्रिकेवर. मी बॉक्सच्या लाइनीत आहे. पुठ्ठ्यावर छपाई रबरासारख्या मऊ प्लेटने होते, शाई पाण्यासारखी पातळ आणि तपकिरी कागद ती पितो. प्लेट दाबली की शाई कडेने बाहेर सरकते, अक्षर सगळीकडून जरा जाड होतं. केसासारखी रेघ एकतर वेडीवाकडी फुगते नाहीतर पुठ्ठ्याच्या नळ्यांवर तुटक येते, उंच भागावर उमटते आणि खोलगट भागावर नाही. आणि पोटातल्या फटी बुजतात ते वेगळंच. म्हणून सगळीकडे सारखी जाड रेघ आणि पोटं मोकळी असं अक्षर हवं. जुन्या लोकांचं ठोकळा अक्षर लाकडी पेटीवर का चालायचं त्याचं पण हेच कारण असणार, खरखरीत फळीवर दुसरं काय टिकणार. छापायला देताना स्क्रीनवर पाहिजे त्यापेक्षा थोडं बारीकच द्या, जाड ते आपोआप होतं.

नस्ती उठाठेव
स्लॅबचं पण हेच, पाणी पितो.

अक्षरमजूर
पुठ्ठेवाल्यांशी सहमत. यात्रा वन जास्त जवळचा, तो मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या स्टेशनच्या पाट्यांवरून केलाय, म्हणजे चपट्या ब्रशचं अक्षर, होडीवरचीच्या बाबांचा लांबचा नातेवाईक. पण तुमच्या इंग्रजी स्लॅबशेजारी तो जरा तिरका, हसरा वाटेल. खरं सांगू का, फक्त दोन शब्द हवेत तुम्हाला, कलमी आणि हापूस. सहा अक्षरं. सहा अक्षरांसाठी फॉन्ट शोधू नका, काढून घ्या कोणाकडून तरी. कमल शेडगेंनी नाटकांची नावं अशीच एकेक करून काढली, प्रत्येक नाटकाचं अक्षर त्या नाटकापुरतं.

मालवणी मसालो
सहा खंय? क, ल, मी, हा, पू, स. होय गे, सहाच.

कातळावरचा
मंडळी, एक मधला रिपोर्ट. घाई केली आणि फजिती झाली. जवळच्या शहरात एकाकडे यात्रा वन टाकून नमुन्याचे पन्नास बॉक्स छापून घेतले. फाइल उघडताना त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, त्यांनी न विचारता दुसराच टाकला, तो जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला. बॉक्स आले तर 'कलमी हापूस' च्या जागी अर्धे चौकोन आणि एक प्रश्नचिन्ह. पैसे दिलेले. आता त्यात नारळ भरून ठेवलेत.

जुळारी
फाइल देताना अक्षरे आउटलाइन करून (म्हणजे फॉन्ट न लागणारी नुसती आकृती करून) द्यावीत असे माझा मुलगा सांगतो. आमच्या वेळी मात्र फॉन्ट गहाळ व्हायचा म्हणजे खरोखर गहाळ व्हायचा, उंदीर न्यायचे. 'ळ' चा फोटो मुलगा रविवारी आला की टाकतो.

होडीवरची
@कातळावरचा, काल बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. 'मात-आमटी'ला हसले. मग म्हणाले पट्टी आण. वहीच्या मागच्या पानावर 'हापूस' काढलं. शिरोरेषा दंडाइतकीच जाड, दोन्ही टोकांना सरळ कापलेली आणि अक्षराच्या जरा बाहेर आलेली, कान्याला डावीकडे टाच, पू ला टाच नाही. स च्या पोटात बोट जाईल एवढी जागा. इंग्रजी अक्षराशेजारी धरून बघितलं, भाऊ-भाऊ नाही पण चुलतभाऊ नक्की.

तुमचा साचा पत्र्याचा आहे तर ते म्हणाले मी मराठीचा पण पत्र्याचाच कापतो, मग हवा तर त्याचा फोटो काढून छापा नाहीतर सरळ बॉक्सवर शाई मारा. साच्यात पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मधे पूल ठेवावे लागतात, क ला एक, म ला एक, प ला एक, स ला एक, हे त्यांनी आधीच खूण करून ठेवलंय. शिरोरेषा सलग कापली तर पत्रा लुळा पडतो म्हणून ती दर अक्षरावर तुटणार, ते चालेल का विचारलंय.

कातळावरचा
चालेल काय, धावेल! पैशाचं काय ते सांगा, लाजू नका. पत्रा मी आणतो, आजोबांचा साचा पण घेऊन येतो म्हणजे जाडी जुळवता येईल. येत्या रविवारी दुपारी आलो तर?

होडीवरची
दुपारी नको, झोपतात. चारनंतर या. पैसे नकोत म्हणतायत, पहिल्या तोडीची दोन डझन सांगितलीत, आणि पत्रा डब्याचा आणा, नवीन जाड आणू नका, कात्रीने कापला गेला पाहिजे.

नस्ती उठाठेव
मालवणात जाताय तर तिथे कोणी वॉटरप्रूफिंगवाला ओळखीचा असेल तर बघा.